मर्लचा उजवा हात

नेब्रास्काची गोष्ट सांगायची आणि शूटिंग मात्र स्वस्त पडेल त्या राज्यात उरकायचं, असल्या सिनेमांवर नेब्रास्कातल्याच टेकड्यांमधल्या त्या गावाचा जुना राग होता. त्यामुळे एक सिनेमावाली मंडळी खरोखरच गावात आली, तेव्हा गावाने तिला डोक्यावर घेतलं. तो उन्हाळा होता. सिनेमात छोटंसं काम केलेला गावातला म्हातारा मर्ल व्होन्द्राचेक पुढच्या फेब्रुवारीत वारला, आणि आता तो सिनेमा शाळेच्या हॉलमध्ये लागला होता.

मर्लची बायको आर्डिथ पहिल्या रांगेत बसली होती. चर्चच्या बायकांनी हातात दिलेली चिली, म्हणजे खिमा-राजम्याची आमटी, आणि दालचिनीचा रोल मांडीवर गार होत होता. सिनेमाच्या गोष्टीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. मर्ल म्हणजे कॅमेरा दिसला की गोठ्यात पळणारा माणूस. घरात त्याचे फोटो जेमतेम दोन, तेही टोपीखाली तोंड लपवलेले. हलताचालता मर्ल आता जगात फक्त या सिनेमात उरला होता.

त्याचं काम सोपं होतं. नायिका रस्त्याच्या कडेने रडत चालणार, आणि मर्लने समोरून पिकअप घेऊन निघून जायचं. पण त्या भागात समोरून कोणीही येवो, ओळखीचा असो वा नसो, स्टिअरिंगवरचं एक बोट वर होतंच. तोच तिथला रामराम. मर्लचं बोट वर झालं तेव्हा सगळे हसले.

"आजोबा, तुम्ही तिला ओळखत नाही," दिग्दर्शकाची मदतनीस म्हणाली.

"म्हणून काय झालं? पोरगी रडतेय आणि मी तसाच पुढे जाऊ?"

पुन्हा बोट उठलं. पुन्हा. मुद्दाम नव्हे, जन्माची सवय. शेजारचा डेल्मर कुंपणावर बसून खिदळायला लागला, सिनेमावाले उन्हाकडे बघून चुळबुळायला लागले. शूटिंग बघायला आलेल्या आर्डिथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तरातरा गाडीच्या खिडकीपाशी गेली.

"चारचौघांत शोभा करतोयस. तो उजवा हात मांडीवर ठेव आणि मुकाट्याने जा. एकदा नाही उचललंस बोट, तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मर्लने नुसती मान डोलावली. पुढचं काही न बघता ती रागारागाने घरी निघून गेली.

तरी आज हॉलमध्ये तिने आशा धरली होती. दिग्दर्शकाला डोळे असतील तर त्याने बोट उचललेलाच शॉट ठेवला असेल. एवढंच हवं होतं तिला.

पडद्यावर रस्ता आला. नायिका रडत निघाली. समोरून पिकअप आला, काचेआड मर्ल. डावा हात स्टिअरिंगवर, नजर नाकासमोर, चेहरा दगडासारखा. उजवा हात दिसतच नव्हता. रडत्या पोरीच्या अंगावर धूळ उडवत तो निघून गेला. असा मर्ल आर्डिथने जन्मात पाहिला नव्हता.

"जमलं बुवा मर्लला शेवटी," मागून डेल्मर ओरडला. हॉलभर मायेचं हसू पसरलं, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

शेजारी बसलेल्या नणंदेने, लव्हॉनने, डोळे पुसले. "किती छान केलं गं त्याने, आर्डिथ. मला वाटलं नव्हतं, तो ऐकेल त्यांचं."

"त्यांचं नाही ऐकलं," आर्डिथ म्हणाली. "माझं ऐकलं."