थोरलीचा हिरवा गहू

नवरा गेल्यावर थोरल्या सुनेला ओढ्याकडचं शेत मिळालं, पण अटीवर. सासूने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "एक हंगाम गहू काढून दाखव. जमलं तर शेत तुझं. नाहीतर धाकटा बघेल आणि तू माहेरी जायचं."

घरात पेरणीचं यंत्र एकच, आणि ते धाकट्या दिराकडे. थोरली रोज मागायची आणि दीर रोज तितक्याच गोड आवाजात म्हणायचा, "उद्या देतो, वहिनी." त्याच्या गव्हाला फुटवे आले, तेव्हा कुठे तो उद्या उजाडला. तोवर तिच्या शेतातली ओलही उडाली होती.

यंत्रामागोमाग युरियाच्या गोण्या आल्या. "उशीर झालाय ना, वहिनी. दुप्पट टाका, सगळं भरून निघेल."

केसाने गळा कापणारी माणसं अशीच काळजीने बोलतात. पण तिला ते कसं कळावं? खताचं सगळं नवराच बघायचा, ती खुरपायची. तिने दुप्पट टाकलं. वर राहवेना म्हणून आणखी एकदा टाकलं.

गहू असा काळपट हिरवा झाला की जाणारे-येणारे थांबून बघायचे. थोरलीच्या जिवात जीव आला. मी आता येत नाही, असा माहेरी निरोपही धाडला बिचारीने.

दिराचा गहू पिवळा होऊन कापणीला आला, हिचा मात्र युरियाच्या माऱ्याने हिरवाच. उन्हाचा तडाखा बसला तेव्हा ओंब्यांतले दाणे अजून दुधाळ होते. त्यात वारा सुटला आणि ती उंच, मऊ ताटं जमिनीवर लोळली. मळणीला निघाले ते सुरकुतलेले, पोचट दाणे.

सासू अंगणात सूप घेऊन बसली होती. थोरलीला रडू आवरेना. "आई, दुप्पट टाकायला भाऊजींनीच सांगितलं होतं. यंत्रही त्यांनी मुद्दाम अडवलं."

सासूने मूठभर दाणे कोंबड्यांपुढे फेकले. "त्याला कुठलं एवढं सुचायला? यंत्र अडव म्हणून मी सांगितलं. युरियाही मीच पाठवला."

थोरलीने विचारलं, "का, आई?"

"माझा लेक गेला. आणि तू त्याच्या शेतात पिकं काढून सुखाने राहणार होतीस?" सासूने सूप तिच्यापुढे सरकवलं. "उरलेलं तूच टाक कोंबड्यांना. मग पिशवी भरायला घे."