खंड्याच्या चोचीतला मासा

माझ्या साडूला फोटो काढायला मी शिकवलं, हे वाक्य त्या उन्हाळ्यात मी मनातल्या मनात निदान पन्नास वेळा तरी म्हटलं असेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, मग दुकान मुलाच्या हवाली करून गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या घरात राहायला आला. दोघांच्या मागे बागा, मध्ये पुरुषभर उंचीची भिंत. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. बागेत येणाऱ्या पाखरांचे, खारींचे, सरड्यांचे फोटो गेली अकरा वर्षं काढतो आहे. दर शनिवारी गल्लीतली मुलं माझ्या मागच्या व्हरांड्यात जमतात. तिथल्या फळ्यावर मी एक नवा फोटो टाचतो आणि खाली एकच प्रश्न लिहितो. उत्तर लिहीत नाही. खारीचं शेपूट वर का आहे, सरड्याने मान कुणासाठी हलवली, असलं काहीतरी. मुलं बागेत हिंडतात, भांडतात, उत्तर घेऊन येतात. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे शाळा म्हणून एवढीच उरली आहे.

साडूला कॅमेरा धरायला मी तीन आठवड्यांत शिकवलं. पण स्थिर बसायला त्याला शिकवावंच लागलं नाही. भिंगातून चिमुकली चाकं बघण्यात चाळीस वर्षं गेलेला माणूस तो. दुकानातलं उंच स्टूल त्याने बागेत मांडलं आणि त्यावर तो खुंटीसारखा बसू लागला.

एक दिवस तो दारात आला. "मास्तर, आमच्या कपडे वाळत घालायच्या खांबावर निळं काहीतरी येऊन बसलं होतं हो. बघा जरा."

मी बघितलं. खंड्या होता. पिसांवर ऊन, डोळ्यात चमक, पिसान् पीस मोजता यावं असं. अकरा वर्षांत माझ्या बागेत खंड्या एकदाही बसला नव्हता.

"खंड्या आहे," मी म्हटलं. "फोटो जरा हललाय."

फोटो हलला नव्हता.

पुढे खंड्या रोज येऊ लागला. मागच्या ओढ्यातून मासा आणायचा, साडूच्या खांबावर बसायचा आणि उडून जायचा. माझ्या व्हरांड्यातून पेरूच्या झाडाआड तो खांब दिसतही नव्हता. ऐकू मात्र यायचं. शनिवारी भिंतीपलीकडून मुलांचं "आलाऽ, आलाऽ" ऐकू यायचं. माझ्याकडची वीस मुलं बारा झाली, मग पाच. एका शनिवारी दोनच आली, त्यातलं एक चेंडू न्यायला आलं होतं.

"तुम्ही पण जा की तिकडे," बायको म्हणाली. "बहिणीचा नवराच आहे, परका आहे का?"

"मला काम आहे."

"फळ्यासमोर बसून राहायचं?"

साडू दर दोन दिवसांनी नवे फोटो दाखवायला यायचा आणि मी दर वेळी चष्मा सापडत नसल्याचं सांगायचो. चष्मा नाकावर असताना एकदा सांगितलं, तेव्हा तो हळूच परत गेला.

मग मी ठरवलं, खंड्या माझ्याकडे आणायचाच. भिंतीलगत पाण्याच्या टाकीसाठी खणलेला एक खड्डा दोन वर्षं तसाच पडला होता. टाकी काही झाली नाही. मुलं पडू नयेत म्हणून मी त्याच्यापुढे पत्रा लावून ठेवला होता, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नसे. तो अर्धा भरून घ्यायचा, कडा सिमेंटने बांधायच्या, पाणी आणि मासे सोडायचे, वर बसायला छानशी फांदी. गवंडी रविवारी सकाळी येणार होता.

शनिवारी दुपारी बारकी आली. गल्लीतली सगळ्यांत धाकटी, सात वर्षांची. हातात साडूने छापून घेतलेला फोटो.

"आजोबा, घड्याळवाल्या आजोबांना हे येत नाही. ते म्हणाले, मास्तरांना विचार."

"काय येत नाही?"

"मासा उलटा का धरलाय?"

मुलाने प्रश्न विचारला की मला राग धरून बसता येत नाही, ही जुनी खोड आहे. मी फोटो हातात घेतला.

"उलटा म्हणजे कसा?"

"तोंड बाहेर आहे. असा खाल्ला तर घशात टोचेल ना? शेपटीकडून जाईल."

"बरोबर. स्वतः खाताना खंड्या माशाचं डोकं आत धरतो. मग बाहेर कधी धरत असेल?"

बारकीने स्वतःची दोन बोटं मासा करून तोंडाशी धरली, मग ती माझ्या तोंडाकडे नेली. "दुसऱ्याला भरवायचा असेल तर."

"शाबास," मी म्हटलं, आणि तोंड उघडं राहिलं. खंड्याला पिल्लं होती. फोटोत त्याची चोच माझ्या भिंतीकडे वळलेली होती. आणि खंड्या घरटं करतो ते मातीच्या उभ्या कडेत, बीळ कोरून.

खड्डा.

मी पत्र्यापर्यंत गेलो. माशांचा वास येत होता. पण माझ्या बाजूने खड्ड्याची फक्त पलीकडची कड दिसत होती. घराकडची कड बघायची तर भिंतीपलीकडून, उंचावरूनच. म्हणजे साडूच्या स्टुलावरून.

मी गेलो. साडू उठला, स्टूल पुसून पुढे केलं. मी वर चढलो. त्याने माझा पाय घट्ट धरला. कडेत मुठीएवढं भोक होतं, खाली पांढरे ओघळ. पाच मिनिटांत एक निळी रेघ खांबावरून सुटली आणि भोकात गेली. आतून चिरचिर ऐकू आली. उद्या या वेळी तिथे माती पडलेली असती.

"पिल्लं आहेत," मी खाली उतरून म्हटलं.

"हो ना? मला अंदाज होताच," साडू म्हणाला. "रोज तुमच्याकडेच तर उतरतो. मला वाटलं, तुमच्याकडे घरट्याचे फोटो असणार. म्हणून तर तुम्ही माझे बघत नाही. आमचे खांबावरचे, त्यात काय बघायचं." त्याने स्टूल पुन्हा पुसलं. "खरं सांगू मास्तर, फार लागलं मला ते. तीनदा स्टुलावर चढून डोकावावंसं वाटलं, पण म्हटलं, नको. तुमचं तुम्हाला."

मला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी बरं वाटलं.

गवंड्याला मी नको म्हणून कळवलं. बायकोने विचारलं, "तळं नाही का?" मी म्हटलं, "भाडेकरू राहतात."

पिल्लं उडेपर्यंत आम्ही आळीपाळीने स्टुलावर बसलो. मी चारशे फोटो काढले. त्याने साठ काढले, आणि बिळाच्या तोंडाशी मासा घेणाऱ्या पिल्लाचा जो एक मिळाला तो त्याचा. तो माझ्या फळ्यावर टाचायला मला दोन दिवस लागले. शनिवारी मुलं आली, वीसच्या वीस, साडूही आला. फोटोखाली प्रश्न मी लिहिला होता, चांगला मोठ्या अक्षरात. त्यामुळे फोटो कुणी काढला ते लिहायला जागाच उरली नव्हती.

"इथे आहे की," बारकी म्हणाली आणि फळ्याच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवून तिने खडू माझ्या हातात दिला.