साडेआठचा सूर्य

दिनानाथ प्रधान पनवेलच्या एका शाळेत शास्त्र शिकवत. अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात त्यांनी मुंबईहून एक जुनी अडीच इंची दुर्बीण आणली, तिच्या मागच्या टोकाला भिंग काढलेला कॅमेरा बसवला आणि रोज सूर्याचा एक फोटो काढून पुण्याच्या एका हौशी मंडळाला पाठवायचा असं ठरवलं. पण प्रबळगडामागून वर आलेला सूर्य साडेआठलाच नीट मिळे. पुढे हवा तापली की त्याची कड थरथरू लागे, आणि साडेआठला दिनानाथ वर्गात असत. म्हणून दुसऱ्याच आठवड्यापासून फोटो त्यांची बायको, सत्यवती, काढू लागली. नळी कशी रोखायची ते तिनं एकदा पाहून घेतलं. बाकीचं तिचं तिनंच शोधलं. पुढच्या भिंगावर लहान भोकाचा पुठ्ठा बसवला तर सूर्यावरचे डाग रेखीव येतात, हेही तिचंच. मोरीत लाल कागद लावलेल्या कंदिलाशेजारी फोटोच्या काचा धुवायचं कामही तिच्याकडे गेलं. दिनानाथ संध्याकाळी फोटोमागे तारीख घालत आणि खाली स्वतःचं नाव लिहीत.

मंडळाच्या अंकात एक फोटो छापून आला. शाळेनं दिनानाथांचा सत्कार केला. नारळ हातात देताना हेडमास्तरांनी हसत विचारलं, "साडेआठला तर तुम्ही वर्गात असता. मग हे जमतं कसं?"

बायकांच्या रांगेत सत्यवती बसली होती. दिनानाथ म्हणाले, "घरात मदत आहे. मांडून ठेवलं की झालं. नुसती कळ दाबायची असते."

लोक हसले. त्या रात्री सत्यवतीनं नेहमीसारखं वाढलं. सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना ती एवढंच म्हणाली, "आजपासून तुम्हीच काढा. नुसती कळ दाबायची असते."

दिनानाथांनी तीन दिवसांची रजा टाकली. तिन्ही दिवसांचे फोटो कोरे आले. म्हणजे सूर्य होता, वाटोळा, कडा रेखीव, पण त्यावर एकही डाग नव्हता. काचा जुन्या निघाल्या असतील, अशी क्षमा मागत त्यांनी ते पुण्याला पाठवले. आठ दिवसांनी चिटणीसांचं उत्तर आलं: 'क्षमा कसली मागता? डागांचा मोठा समूह इतका सुरेख आजवर कुणाला साधला नव्हता.'

ते पत्र त्यांनी खिशातच ठेवलं. रविवारी मागच्या अंगणात कॅमेरा काढून दुर्बिणीमागे पांढरा पुठ्ठा धरला. पुठ्ठ्यावर बशीएवढा सूर्य पडला, धुतल्यासारखा स्वच्छ. त्यांनी सत्यवतीला हाक मारली. तिनं पेन्सिलीचं टोक टेकवलं. "हा. हा. आणि हे तीन." टोकाखाली पांढरा पुठ्ठाच होता. आपल्याला असं खेळवून ही उट्टं काढते आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यातल्या त्यात बरं वाटलं.

तेवढ्यात मासळी घेऊन सोनाबाई मागच्या दारानं आली. पाटी उतरवून ती पुठ्ठ्याकडे वाकली.

"बाय, सूर्याला पन देवी आल्यात काय गो?"

सत्यवती हसली. दिनानाथही हसले, हसावं लागलं. "मास्तर, ह्यो मोटा हाय तो कसला वो?" सोनाबाईनं विचारलं. बोट पुठ्ठ्यावर होतं. दिनानाथांनी त्या रिकाम्या जागेकडे बघत डाग कसे होतात ते सविस्तर समजावून सांगितलं. सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

ती गेल्यावर त्यांनी कपाटातून तो छापील अंक काढला. सत्यवतीचा फोटो, त्यात अकरा डाग त्यांनी स्वतः मोजले होते. आता पानावर एक कोरं वर्तुळ होतं, आणि त्याखाली काळंभोर, ठसठशीत, त्यांचं नाव.

दुपारभर बसून त्यांनी पुण्याला पत्र लिहिलं. सगळे फोटो माझ्या पत्नीचे आहेत, मी तुम्हाला आणि गावाला फसवलं, असं स्वच्छ लिहिलं. मग ते घेऊन स्वयंपाकघरात गेले. सत्यवती तांदूळ निवडत होती. त्यांनी दारात उभं राहून पत्र वाचून दाखवलं.

"टपालात टाका मग," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा टाकू?"

इतक्या दिवसांनी त्यांच्या छातीवरचं ओझं हललं. सत्कारापासून तिच्या तोंडाकडे त्यांनी धड पाहिलं नव्हतं. ती वाढायची तेव्हा नजर ताटात, बोलायची तेव्हा भिंतीवर. आता त्यांनी मान वर केली. तीही त्यांच्याकडेच बघत होती. तिचं कपाळ मोकळं होतं.

"अगं," दिनानाथ हळूच म्हणाले, "आज कुंकू नाही लावलंस?"

सत्यवतीनं चमकून कपाळाला हात लावला. मग तिचा चेहरा सैल झाला.

"असं काय करता? सकाळीच लावलंय की. हे बघा," असं म्हणून तिनं कपाळाला टेकवलेलं बोट त्यांच्यापुढे धरलं.

बोट स्वच्छ होतं.