हाक मारायची नाही

त्या सकाळी आई बुटांच्या नाड्या बांधत होती आणि मी तिच्या डब्याचं झाकण उगाच पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते.

"एकटीच चाललीस?"

"झाडं आहेत की सोबतीला."

"झाडं फोन करत नाहीत."

"म्हणून तर मला आवडतात," म्हणत ती उठली. उठताना तिने दाराच्या चौकटीला हात टेकला. तो टेकलेला हात मी पाहिला. तोंडातून मात्र निघालं, "जा बाई, माहेरी जा. घर सांभाळायला आम्ही आहोतच." आई हसली. आमचं असंच होतं. मला भीती वाटली की तिला टोमणा मिळायचा.

आई वनसंशोधन संस्थेतून निवृत्त झाली होती, प्लॉटमधून नाही. प्लॉट म्हणजे डोंगरउतारावरचा जंगलाचा एक तुकडा. शेजारणींना बरीच वर्षं वाटत होतं की तिने जमीन घेऊन ठेवलीय. तिथे काहीही करायचं नाही, हेच तिथलं काम. पडलेलं झाड उचलायचं नाही, वाळलेली फांदी तोडायची नाही. जंगल स्वतःला कसं सावरतं ते फक्त पाहायचं आणि नोंदवायचं. पानांमधून किती आभाळ दिसतं याचा अंदाज घ्यायला ती झाडाखाली उताणी पडायची, हात छातीवर, अगदी निश्चल. त्या वेळी तिला हाक मारायची नाही. अंदाज मोडला की दिवसभर फुरंगटून बसे.

दुपार कलली तरी ती आली नाही. फोन लागेना. बाबा वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होते.

"येईल. जंगलात शिरली की घड्याळ विसरते," ते म्हणाले, आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसू लागले.

शेवटी मी वाळवीला फोन केला. वाळवी हा संस्थेतला तिचा धाकटा सहकारी. कागदांत शिरला की बाहेर निघत नाही म्हणून आईनेच ठेवलेलं नाव.

"अहो ताई, आत्ताच तिकडून आलो," तो म्हणाला. "मॅडम आहेत ना. आडव्या पडून वर बघतायत. मी लांबूनच मागे फिरलो. हाक मारली असती तर सालटी काढली असती माझी."

माझा जीव भांड्यात पडला. बाबांना सांगितलं, चहा टाकला. गाळताना खिडकीबाहेर लक्ष गेलं. ढग खाली उतरले होते, अंगण करडं झालं होतं. असल्या मळकट उजेडात आई कधीच अंदाज घेत नसे.

मी पुन्हा फोन लावला. "डोळे उघडे होते का तिचे?"

तो म्हणाला, "ताई, मी लांब होतो." आणि खुर्ची पडल्याचा आवाज आला.

वेळेवर हाक मारली असती तर? हृदय थांबलं एवढंच डॉक्टरांनी खात्रीने सांगितलं. बाकी, सांगता येत नाही, म्हणाले. तेव्हापासून ते 'सांगता येत नाही' आमच्याबरोबर घरात राहतंय. बाबा आता दुसऱ्या खोलीत झोपले असले की मी त्यांना उगाच काहीतरी विचारते. ते 'हं' म्हणेपर्यंत दारातच उभी राहते.

वाळवी बऱ्याच दिवसांनी घरी आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत या," बाबा म्हणाले. "तिचाच नियम पाळलात तुम्ही. त्यात तुमचं काय चुकलं?"

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. डोळे वर उचलत नव्हता. मॅडमचं मोजमाप अर्धवट राहिलंय, म्हणाला. पानगळ सुरू व्हायच्या आत पुरं केलं नाही, तर त्यांचं आजवरचं काम तुटतं. उद्या जातोय.

"सोबत कोण आहे?" मी विचारलं.

"संस्थेत माणसं कुठे राहिलीत, ताई? मीच."

"कधी परत याल?"

"जंगल सोडेल तेव्हा." हे आईचं वाक्य होतं. बोलून गेल्यावर त्याच्याही ते लक्षात आलं.

टोमणा माझ्या ओठांपर्यंत आला होता, सवयीने. मी तो गिळला. बाबा माझ्याकडे पाहत होते.

"एकटे जाऊ नका," मी म्हणाले. "मी येते बरोबर. मला भीती वाटते. आई जायची तेव्हाही वाटायची, प्रत्येक वेळी."