दाराआडची सासू

डल्सीनं काचेतून आत पाहिलं आणि तिथल्या तिथे पाठ फिरवली.

"काय झालं, मावशी?" ब्रिजेटनं विचारलं.

"हा पोरगा माझा जावई लागतो."

ब्रिजेट मेलबर्नहून आलेली नवी वकील होती, ऑस्ट्रेलियाच्या या वाळवंटात येऊन तिला सहा महिने झाले होते. तिनं फाइलवरचं वय पुन्हा वाचलं. क्लिफ्टन वॉकर, तेरा वर्षं.

"जावई? मावशी, अजून याला मिसरूडसुद्धा फुटलेलं नाही!"

"म्हणून काय झालं? ज्या मुलीचा तो नवरा, ती तरी कुठं जन्माला आलीय अजून?"

चेष्टा केली खरी, पण डल्सीनं पुन्हा काचेकडे वळून पाहिलं नाही. गेली वीस वर्षं ती मूळनिवासींच्या मोफत कायदेमदतीच्या कचेरीत होती. ती वकील नव्हती. वकील काय बोलतात ते पोरांना सांगायचं आणि पोरं काय बोलत नाहीत ते वकिलांना सांगायचं, हे तिचं काम. वॉकर म्हटलं तर निम्मी वस्ती वॉकर. कागदावरच्या क्लिफ्टनला घरी कोणी क्लिफ्टन म्हणत नाही, त्यामुळे फाइल वाचून तिला काहीच कळलं नव्हतं. चेहरा दिसला आणि कळलं. हा जन्मानं जापाल्जारी गटाचा, आपण नापानांका, आणि नापानांकांच्या मुली जापाल्जारींनाच द्यायच्या. गेल्या उन्हाळ्यात वस्तीनं या पोरांना पुरुषांत घेतलं, तेव्हापासून ती याची सासू. एकमेकांचं तोंड बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही, शब्द बोलायचा नाही, एका खोलीत बसायचं नाही. हा कायदा कोणी छापला नाही, कोणी बदललाही नाही.

आणि दुसरा कायदा दुपारी दोन वाजता कोर्टात बसणार होता.

पोरगा एकोणीस दिवस आत होता. बाहेरच्या पाटीवर 'युवा केंद्र' असं रंगवलंय आणि कुंपणावर काटेरी तारेची वेटोळी आहेत. केंद्राला काटेरी तार कशाला लागते, हे पाटी रंगवणाऱ्याला कोणी विचारलं नाही. गुन्हा काय, तर तीन मोठ्या पोरांनी गाडी पळवली, हा मागच्या सीटवर बसला. त्यात जामीन मिळाला होता. अट एकच: घर नंबर सत्तेचाळीस, संध्याकाळी सात ते सकाळी सात घराबाहेर पडायचं नाही. एका रात्री साडेनऊला पोलिसांना तो बाहेर सापडला. का बाहेर पडलास, हे त्यानं पोलिसांना सांगितलं नाही, वकिलालाही नाही. आज तोंड उघडलं नाही तर पुढची तारीख सात आठवड्यांनी.

"मागच्या वेळी फोनवर दुभाषी दिली होती," ब्रिजेट म्हणाली. "यानं आवाज ऐकला आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारलाय."

"दुभाषी कोण होती?"

ब्रिजेटनं नाव सांगितलं.

"तीपण नापानांका. म्हणजे तीपण सासू! अगं, एकीला टाळायला पोरगा मुका झाला, तर तुम्ही दुसरी आणून उभी केली. पुरुष दुभाष्या कुठाय?"

"वस्तीवर. सुतकाला गेलाय."

सगळेच सुतकाला गेले होते. तीन आठवड्यांपूर्वी वस्तीत एक म्हातारा वारला, त्याचं नाव आता घ्यायचं नाही. डल्सीचा तो मामा. तिलाही जायचं होतं. आज संध्याकाळी कचेरीची गाडी तीनशे किलोमीटर वस्तीकडे निघणार होती, त्यात तिची जागा धरलेली होती. मामासाठी अजून ती रडलीसुद्धा नव्हती. इथं कुठं रडणार, कॉम्प्युटरपुढं?

ती भिंतीकडे तोंड करूनच दाराजवळ सरकली. मग पहारेकऱ्याला म्हणाली, "दादा, हे दार अर्धं उघडं ठेवा."

"अर्धं?" पहारेकरी जाडजूड, तोंडात च्युइंगम. "दार एकतर बंद, नाहीतर उघडं. नियम आहे."

"मग तुम्ही दारात उभे राहा. उघड्या दारात पहारेकरी उभा असला तर कुठला नियम मोडतो?"

"आणि तुम्ही?"

"मी इकडे बोळात बसणार, भिंतीकडे तोंड करून."

"ही कसली मुलाखत?"

"सासू आहे मी त्याची."

पहारेकऱ्यानं एकदा आत पाहिलं, एकदा तिच्याकडे. "मला सासू आहे पर्थमध्ये," तो म्हणाला. "हा नियम माझ्याकडे असता तर लग्न टिकलं असतं." आणि दार अर्धं ओढून त्याला पाठ टेकून उभा राहिला.

ब्रिजेटची खुर्ची उंबऱ्यावर ठेवली. एक पाय आत, एक बाहेर.

"मी काय करू?" तिनं हळूच विचारलं.

"खांब हो. आम्ही दोघं तुझ्याशी बोलणार. तुला एक शब्द कळणार नाही. मान हलवत राहा."

मग डल्सी वार्लपिरीत, म्हणजे वस्तीच्या भाषेत, बोलायला लागली, समोरच्या भिंतीवर लटकलेल्या अग्निशामकाकडे बघत.

"ए गोऱ्या पोरी, कोणीतरी तुला सांगेल का, त्या रात्री घर का सोडलं ते? इथं कोणी रागावणार नाही. इथं कोणी बसलेलंच नाही. तू एकटीच आहेस."

ब्रिजेटनं मान हलवली. आत काहीच हललं नाही. पहारेकऱ्याचं च्युइंगम तेवढं चालू होतं. डल्सीनं घाई केली नाही. गप्प बसता येत नाही ते वकील होतात, असं ती नेहमी म्हणायची.

खूप वेळानं आतून आवाज आला, बारीक, चिरका, धड लहान पोराचा नाही आणि धड बाप्याचाही नाही.

"गोऱ्या पोरीला सांगा, सत्तेचाळीस नंबर म्हणजे ते घर. आजोबांचं."

डल्सीनं डोळे मिटून घेतले. आपल्यात कोण नंबरानं घर ओळखतं? सत्तेचाळीस पोलिसांच्या वहीत. ज्या घरात मामानं प्राण सोडला ते घर तिनं डोळे झाकून शोधलं असतं, पण त्याचा नंबर तिला ठाऊक नव्हता.

माणूस गेला की घर सोडायचं. सगळ्यांनी, त्याच दिवशी. धुरी देऊन घर निवळेपर्यंत तिथं कोणी पाऊल टाकायचं नाही. वस्तीबाहेर सुतकाचे तळ पडतात, बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा.

"गोऱ्या पोरी," ती अग्निशामकाला म्हणाली, "मग सगळे गेले तेव्हा कोण कुणाच्या गाडीत बसलं?"

"आईला सांगितलं, मामाच्या गाडीत बसतो. मामाला सांगितलं, आईबरोबर जातो. कोणाच्याच गाडीत बसलो नाही."

"का?"

"जज म्हणाला होता ना. त्या घरातच राहायचं. कळलं का, विचारलं. मी हो म्हटलं होतं."

ब्रिजेटनं मान हलवली. बिचारीला वाटलं, चांगलं चाललंय.

"दोन रात्री राहिलो. दिवे लावले नाहीत. पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं. आजोबांची खाट तिथंच होती. ती... आवाज करत होती." नाक ओढल्याचा आवाज आला. "तिसऱ्या रात्री नाही राहवलं. बास्केटबॉलच्या मैदानावर दिवा असतो, तिथं जाऊन झोपलो. चाळीस पावलं. मोजलीत मी. गोऱ्या पोरीला सांगा, घरच्यांना सांगू नको. मी त्या घरात राहिलो हे कळलं तर मला कोणी तळावर घेणार नाही."

एकोणीस दिवस पोरगा हे गिळून बसला होता. गोऱ्यांचा हुकूम पाळायला त्यानं आपला कायदा मोडला, आपला कायदा पाळायला गोऱ्यांचा हुकूम मोडला, आणि दोन्हीकडचा गुन्हेगार झाला. डल्सीनं रुमाल तोंडात कोंबला. मामासाठीचं रडू हे असं, अग्निशामकापुढं आलं.

मग तिनं तोंड पुसलं. "गोऱ्या पोरी, तळावरच्या म्हाताऱ्यांना मी ओळखते. ते धुरी देतील, हिरव्या पाल्याची, चांगली डोळे चुरचुरेपर्यंत. आणि झालं. पोराला कोणी टाकत नाही. उलट म्हणतील, म्हाताऱ्याला दोन रात्री सोबत झाली."

आत पोरगा हुंदके द्यायला लागला. पहारेकऱ्यानं च्युइंगम चघळणं थांबवलं आणि छताकडे बघितलं.

दोन वाजता कोर्टात आणखी एक पंचाईत. पोराला कोर्टात आणत नाहीत, पडद्यावर दाखवतात. साक्षीदाराच्या जागेसमोरच टीव्हीएवढा पडदा, आणि त्यावर क्लिफ्टनचं तोंड सुपाएवढं. डल्सी साक्षीला उभी राहिली आणि सरळ पडद्याकडे पाठ करून, मागच्या बाकांकडे तोंड करून बोलायला लागली.

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "कोर्टाकडे तोंड करा."

"करते. पोराचा पडदा झाका."

सरकारी वकील उठला. "हा कोर्टाचा अवमान..."

"अवमान नाही," डल्सी मागच्या रिकाम्या बाकांना म्हणाली. "मान आहे. मी त्याची सासू."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. ब्रिजेटनं उठून सगळं सांगितलं, बऱ्यापैकी सांगितलं. कारकुनानं पडद्यावर आपला कोट टाकला. कोटाखालून पोराचा आवाज तेवढा येत होता, नाक ओढल्याचा. मग डल्सी न्यायाधीशांकडे वळली.

"तुम्ही त्याला विचारलंत, कळलं का. तो हो म्हणाला. साहेब, आमची पोरं तुम्हाला नेहमीच हो म्हणतात, पिच्छा सुटावा म्हणून. पण याला खरंच कळलं होतं. वस्तीतली सगळी माणसं निघून गेली, कुत्रीसुद्धा गेली, आणि हा तेरा वर्षांचा पोरगा मेलेल्याच्या घरात दोन रात्री एकटा राहिला, तुम्ही सांगितलं म्हणून. तुमचा हुकूम इतका कोणी पाळलाय का आजवर? मोठ्या माणसांनी? पोलिसांनी?"

"पण आता राहणार कुठे?" सरकारी वकील म्हणाला. "तळाला पत्ता नाही."

"पत्ता होता तिथं काय झालं ते ऐकलंत ना?"

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा लावला आणि ब्रिजेटनं दिलेल्या नकाशावर बोट ठेवलं. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. विमानपट्टीच्या पश्चिमेला, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे... कसली झाडं आहेत?"

"वाळवंटी ओक."

"...वाळवंटी ओकांखाली, पुरुषांच्या तळावर, पोराच्या मामाच्या ताब्यात. सुतक संपेपर्यंत. बाहेर पडण्याची वेळ ठरवण्याचं काम मामाचं."

सरकारी वकिलानं पेन टेबलावर टाकलं. त्याचा आवाज डल्सीला फार गोड लागला.

साडेचारला पोराला फाटकाबाहेर सोडलं. कचेरीची गाडी उभी होती, चालवायला ब्रिजेट. डल्सीची पिशवी मागच्या सीटवर ठेवलेली होती. डल्सीनं ती उचलून घेतली.

"मावशी, काय करताय? तुमचा मामा..."

"सासू-जावई एका गाडीत? तीनशे किलोमीटर?"

"मग त्याला उद्या नेऊ. आज तुम्ही चला."

"एकोणीस दिवस झालेत त्याला. माझ्या मामाला घाई नाही आता. तळावर पोचलात की म्हाताऱ्यांना धुरीचं माझ्या नावानं सांग."

ती रस्त्यापलीकडे गेली आणि निलगिरीच्या खोडाआड, गाडीकडे पाठ करून बसली. मागून दार उघडलं, लागलं. पुन्हा उघडलं. ब्रिजेट धावत आली, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"त्याला रस्त्यात खायला भाजलेला मटणाचा पाय घेतला होता. त्यानं अर्धा तोडला. म्हणाला, झाडामागं कोणी बसलं असेल तर त्याला द्या." ती धापा टाकत होती. "भूक नाही का रे, विचारलं, तर म्हणाला, भूक आहे, पण मांस आधी तिकडे जातं."

जावयानं शिकार केली की पहिला वाटा सासूचा. पुरुषांत घेतलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

"सांग त्याला," डल्सी म्हणाली, मग थांबली. "नको. काही सांगू नको."

गाडी गेली. आवाज विरेपर्यंत तिनं मान वळवली नाही. मग कागद उघडला. पाय गार झाला होता, आणि पोरानं करपलेला कडेचा भाग स्वतःला ठेवून मधला मांसल अर्धा तिला दिला होता. तिनं तिथंच मातीत बसून सगळा खाऊन टाकला, बोटं चाटून.