सासूबाईंचा पोलादी हातमोजा

मी एक हातमोजा. लोकरीचा, मऊसूत वगैरे नव्हे हं! पोलादाच्या बारीक कड्या एकमेकींत गुंफून मला विणलंय. उजव्या हातातली सुरी डाव्या हाताला लागू नये, एवढ्यासाठी माझा जन्म. मांस कापून, हाडं सोडवून, खोक्यांत भरून पाठवणाऱ्या एका कारखान्यात माझी उभी हयात गेली.

पहिल्याच दिवशी मला एका बाईच्या हाती दिलं. सगळे तिला मावशी म्हणत. तिची बोटं माझ्यात शिरली तेव्हा बर्फासारखी गार होती. मांस टिकावं म्हणून हॉलच गार ठेवलेला, बोटं तरी काय करणार? मला तर स्वतःची ऊब नाहीच. तासाभरात तिनेच मला ऊब दिली.

सरकत्या पट्ट्यावरून मांसाचे मोठे तुकडे येत. मावशी एकेक तुकडा माझ्या पंज्यात घट्ट धरी आणि सुरीनं हाड मोकळं करी. दिवसभर तोच हात, तीच हालचाल. संध्याकाळी तिची बोटं इतकी आखडत, की मला काढायला ती दातांची मदत घेई.

भिंतीपलीकडे गाड्यांतून जनावरं उतरवत. हंबरणं ऐकू आलं की मावशीची सुरी क्षणभर थांबे.

"इतकी वर्षं झाली, पण सवय होत नाही बघ," एकदा ती पुटपुटली. जवळ माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला वाटलं, हाताला जपायला मला विणलं. त्या मुक्या जिवांसाठी कुणी काही विणलं नाही.

मग तिची सून त्याच हॉलमध्ये कामाला लागली. त्यावरून घरात चांगलंच वाजलं होतं, हे मला जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या कुजबुजीतून कळलं. माझ्या हातांची गत बघ आणि दुसरं काहीतरी शोध, असं सासूचं म्हणणं. तुम्ही केलेलं चालतं, मग मी का नको, असं सुनेचं. दोघींचंही खरंच होतं. पण महिनाभर अबोला. पट्ट्याला समोरासमोर उभ्या राहत. बोलत फक्त सुऱ्या.

एक दिवस सुपरवायझरनं पट्ट्याचा वेग वाढवला. सुनेचा हातमोजा तर्जनीपाशी फाटलेला होता. नवा मागायला ती तीनदा स्टोअरमध्ये जाऊन आली होती. दरवेळी एकच उत्तर, "वरून सही आली की देतो."

मावशीनं त्या उघड्या बोटाकडे पाहिलं. मग मला काढलं, पट्ट्यावरून वाकून सुनेचा हात ओढला आणि मला त्यात चढवलं.

"आई, मग तुम्ही?"

"तुझा दे इकडे. माझा हात मुरलेला आहे. तू पट्ट्याकडे बघ."

अबोला तुटला तो असा.

दुपारी मावशीची सुरी निसटली. तर्जनीपाशी, नेमकी तिथंच. सुनेनं लाल दोरी ओढली. पट्टा थांबला आणि सुपरवायझर धावत आला.

"कुणी थांबवला?"

"मी. आईंचं बोट कापलंय."

"त्यांना दवाखान्यात नेतो. तू पट्टा सुरू कर."

"आधी सगळ्यांचे हातमोजे बघा. फाटके बदला. मग सुरू करते."

आवाज ठाम होता. लाल दोरी तिनं अजून माझ्यात घट्ट धरून ठेवली होती. तेवढ्यात शेजारच्या बाईनं आपला हातमोजा काढून थांबलेल्या पट्ट्यावर ठेवला. मग पलीकडचीनं. नऊ हातमोजे फाटके निघाले. तीन आठवडे अडलेली सही अर्ध्या तासात झाली. नव्या हातमोज्यांचं खोकं कपाटातच पडून होतं.

मावशीचं बोट शिवलं, पण दुमडायचं थांबलं. ती घरी बसली. मी सुनेच्या हातात आणखी चार वर्षं काढली. पुढे माझ्याही कड्या गळू लागल्या. मला टाकून देणार होते. सुनेनं मागून घेतलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि घरी आणलं.

आता मी मोरीतल्या खुंटीवर असतो. करपलेली भांडी घासायला माझ्यासारखा दुसरा नाही, असं मावशी येईल-जाईल त्याला सांगते. तुमच्याकडे मागणं एवढंच: बंद खोक्यावरची तारीख, वजन सगळं वाचता ना? ते वाचताना आतल्या जिवाची आणि ते खोकं भरणाऱ्या हातांची एकदा आठवण काढा.

मावशी मला उलटवून आता उजव्या हातात घालते. डाव्या हातानं पातेलं धरते, तेव्हा ते न दुमडणारं बोट सरळ सुनेवर रोखलेलं असतं.

"आता काय चुकलं माझं?" कामावरून आलेली सून हसत विचारते.

"काही नाही गं," मावशी म्हणते. "हात दुखत असतील. बस जरा माझ्याजवळ."