यादीतली सहावी ओळ

आमच्या चर्चच्या मंडळीत आजाऱ्यांची यादी माझ्याकडे असते. एकोणीस वर्षं झाली. माझं अक्षर बरं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि एकदा गळ्यात पडलेलं काम आमच्याकडे मेल्याशिवाय सुटत नाही. शनिवारी दुपारी मी वही उघडते, आठवड्यात कोण आजारी पडलं, कोण उठून बसलं ते बघते आणि यादी एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवते. रविवारी उपासनेत पोस्टमनकाका ती वाचतात. एक ओळ वाचून झाली की थांबतात आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणते, "प्रभू, ऐक."

यादीत नावं नसतात. प्रभूला आडनावं लागत नाहीत, असं आमचे जुने पाळक म्हणायचे. त्यामुळे गवंड्याचे वडील, गुडघा. गवळ्याची सून, अवघडलेली. माळीबुवा, खोकला आणि राग. राग मी लिहिला नव्हता, त्यांनीच आग्रह करून लिहायला लावला.

पोस्टमनकाका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एक कान पूर्ण गेला, दुसरा जायच्या वाटेवर. पण जन्मभर लोकांची पत्रं पोचवलेला माणूस, कागदावर असेल ते पोचवायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही, ही त्यांची शिस्त. एकदा मला खात्री नव्हती म्हणून मी लिहिलं होतं, गुडघा, डावा आणि पुढे प्रश्नचिन्ह. काकांनी भर उपासनेत खणखणीत वाचलं, "गवंड्याचे वडील, गुडघा, डावा, प्रश्नचिन्ह." मंडळीने तेवढ्याच भक्तिभावाने म्हटलं, "प्रभू, ऐक." माझी लेक शेजारी बसली होती. हसू दाबताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

लेकीला आम्ही खडू म्हणायचो. मी इस्पितळाच्या शिवणखोलीत काम करते. लहानपणी ती माझ्या मशीनखाली बसून कापडावर खुणा करायचा खडू चघळायची, तेव्हापासूनचं ते नाव. एकोणतिसाव्या वर्षी तिच्या रक्तात काहीतरी बिघडलं आणि ती त्याच इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, मी शिवलेला पेशंटचा गाऊन घालून झोपली. "आई, हा तुझ्याच हातचा आहे," पहिल्याच दिवशी म्हणाली. "नाडी ओढून बघितली. बैलाने ओढली तरी तुटायची नाही."

आठ महिने ती यादीत होती. सहाव्या ओळीवर. शिंपीणबाईंची लेक.

वहीचा नियम साधा आहे. माणूस बरा झाला की त्याच्या ओळीवर लाल रेघ. गेला की ती ओळ वहीच्या मागच्या पानावर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मागचं पान वाचतात, तेव्हा सगळे उभे राहतात आणि कोणी काही बोलत नाही.

खडू मंगळवारी सकाळी गेली. गुरुवारी तिला मातीत ठेवलं. शनिवारी दुपारी मी वही उघडली आणि मागच्या आठवड्याची यादी जशीच्या तशी उतरवली. खरं सांगते, पहिल्या वेळी ती चूकच होती. शिवणाऱ्याचे हात डोकं जागेवर नसतानाही चालत राहतात.

रविवारी काकांनी पाच ओळी वाचल्या. मग वाचलं, "शिंपीणबाईंची लेक. बरी व्हावी म्हणून."

एवढी शांतता त्या जागेत मी कधी ऐकली नव्हती. काकांना काही कळलं नाही, ते कागदावर बोट ठेवून उत्तराची वाट बघत उभे. उठून सांगावं, तर जीभच उचलेना. तेवढ्यात माझ्या मागच्या बाकावरून सुईणबाईंचा जाडाभरडा आवाज आला, "प्रभू, ऐक." खडूला जगात आणलं ते या सुईणबाईंनी. गुरुवारी तिला शेवटची आंघोळ घातली तीही त्यांनीच. ती गेली हे त्यांच्या हातांइतकं कोणाला माहीत होतं? पण त्या म्हणाल्या. मग गवंडी म्हणाला. मग सगळेच म्हणाले.

आणि मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. डावा गुडघा, खोकला आणि माझी लेक. ती आपली आजारी होती, बस्स. आजारी माणसाचं काय, आज ना उद्या उठून बसतं.

पुढच्या शनिवारी मी ती ओळ जाणूनबुजून लिहिली. त्याच्या पुढच्याही. एका महिन्याचा शेवटचा रविवार येऊन गेला, मागचं पान वाचून झालं, त्यात ती नव्हती. कोणी एका शब्दाने विचारलं नाही. एकदा आमचे नवे पाळक घरी आले. पोरसवदा माणूस. चहा घेतला, बिस्किटाचे चार तुकडे केले, एकही खाल्ला नाही. "बाई, वहीचं ओझं होत असेल तर काही दिवस दुसरं कोणी..."

"अर्धा किलोसुद्धा नाही ती," मी म्हटलं.

बिचारे प्रार्थना करून गेले. मी डोळे मिटले नाहीत.

कारण प्रभूशी माझा अबोला होता. आठ महिने दर रविवारी दीडशे माणसांनी त्याला ऐक म्हटलं होतं. त्याने ऐकलं नाही. बहिरे आमचे पोस्टमनकाका, पण त्यांनाही दुसऱ्यांदा सांगितलं की ऐकू येतं. तेव्हापासून मंडळी "प्रभू, ऐक" म्हणायची आणि मी ओठ घट्ट मिटून बसायची. तरी एकही रविवार चुकवला नाही. अबोला धरायचा तर समोर जाऊन बसावं लागतं, घरी बसून धरलेला अबोला कोणाला कळणार?

सातव्या रविवारी जावई आले. ते शहराची बस चालवतात, मी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते. देवाधर्माचं त्यांना फारसं नाही, खडू ओढून आणायची म्हणून यायचे. दफनानंतर पहिल्यांदाच आले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. माझ्याशेजारी, खडू बसायची तिथे, जरा जागा सोडून बसले.

मला त्यांना आधी सांगायचं सुचलंच नाही.

"शिंपीणबाईंची लेक," काकांनी वाचलं. "बरी व्हावी म्हणून."

"प्रभू, ऐक."

जावई उठले आणि सरळ बाहेर गेले. मी मागोमाग गेले. ते कुंपणाच्या भिंतीला टेकून उभे होते, हातातली किल्ली या बोटातून त्या बोटात फिरवत.

"आई, हे काय होतं?"

"राहून गेलं काढायचं."

"किती दिवस?"

मी खोटं बोलू शकले असते. "सात रविवार," मी म्हटलं.

त्यांनी किल्ली मुठीत आवळली. मग म्हणाले, "दर चार तासांनी सुई असायची. तुम्ही घरी गेलात की रात्रपाळीला मी असायचो. नर्स दारात दिसली की खडू माझा हात धरायची आणि विचारायची, आता नाही ना? दर वेळी. मी म्हणायचो, ही शेवटची. दर वेळी खोटं." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "ती गेल्यापासून मी स्वतःला एवढंच सांगतो, की आता सुई नाही. तिचं दुखणं संपलं. तेवढ्यावर उठतो, तेवढ्यावर गाडी काढतो. आणि इथे येऊन बघतो तर तुम्ही तिला अजून आजारीच ठेवलंय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तशी मी. "तुमची बायको ती तीन वर्षं होती," मी म्हटलं. "माझी लेक एकोणतीस वर्षं होती."

"हो," ते म्हणाले. एवढंच. आणि निघून गेले.

घरी आले, वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. माझंच बोलणं मला चावत होतं. तीन वर्षं म्हणजे काय कापड आहे, मोजून कमी ठरवायला?

बुधवारी शिवणखोलीत धुलाईकडून दुरुस्तीचा गठ्ठा आला. उसवलेल्या चादरी, फाटके अभ्रे. मधेच एक गाऊन निघाला. डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी, कडेने तीन नाड्या. तो मी ओळखणार नाही तर कोण? खडूचा हात सुजला होता, बाही चढवताना ती कळवळायची, म्हणून मी एका दुपारी बाही उसवून नाड्या लावून दिल्या होत्या. सुई टोचायला सोपं जावं म्हणून. माझ्या लेकीला टोचायला सोपं जावं म्हणून मी माझ्या हाताने शिवलं होतं.

मधली नाडी तुटली होती.

मी गाऊन नाकाशी नेला. साबणाचा वास आला, दुसरा कसलाच नाही. खडू गेल्यावर तो किती जणांच्या अंगावर गेला असेल, देव जाणे. त्यातल्याच कोणीतरी दुखताना नाडी ओढली असेल. मी तो मांडीवर घेऊन बसले आणि पहिल्यांदा पुरतं रडले. मशीनवर डोकं ठेवून, आवाज काढून. शेजारच्या दोघी मशीन थांबवून आल्या आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला नर्स दारात दिसत होती. खडू विचारत होती, आता नाही ना? आणि दर रविवारी मी उत्तर देत होते, थांब, अजून आहे.

मग मी नवी नाडी लावली, दुहेरी टीप घातली आणि गाऊन तयार गठ्ठ्यात ठेवला. कोणा आजाऱ्याला लागला असता. माझ्या लेकीला आता लागणार नव्हता.

संध्याकाळी जावयांना फोन केला. "ड्रायव्हरसाहेब, येत्या रविवारी महिन्याचा शेवटचा रविवार आहे. सकाळची ड्यूटी बदलून मिळेल?"

पलीकडे गाड्यांचा आवाज. "बघतो, आई."

"आणि मी त्या दिवशी बोलले ते..."

"असू दे, आई. जेवलात का?"

शनिवारी वही उघडली. लाल पेन हातात घेतलं आणि चहा निवेपर्यंत तशीच बसले. मग तिच्या ओळीवर रेघ मारली. बऱ्या झालेल्यांवर मारतात ती रेघ. वही उलटी करून मागच्या पानावर लिहिलं, शिंपीणबाईंची लेक. त्यापुढे लिहिलं, ड्रायव्हरची बायको. त्यापुढे नियम मोडून लिहिलं, खडू.

मग कागदावर यादी उतरवायला घेतली. पाच ओळी झाल्या. आता सहाव्यावर गवळ्याच्या सुनेला घ्यायचं होतं, पण हात काही केल्या त्या ओळीवर टेकेना. शेवटी ती ओळ कोरी सोडली आणि सून सातव्यावर लिहिली. खाली मागचं पान उतरवून कागदाची घडी घातली.

रविवारी जावई ड्रायव्हरच्या गणवेशातच आले, दाढी केलेली. या वेळी मधे जागा सोडली नाही.

काकांनी पहिली ओळ वाचली. गुडघा. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी, खोकला आणि राग. मंडळी म्हणाली, "प्रभू, ऐक." काकांचं बोट कागदावर खाली सरकलं आणि थांबलं. कागदावर असेल ते पोचवायचं, गाळायचं नाही. तिथे कोरी ओळ होती. काका त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून, ओठ मिटून, एक ओळ वाचायला लागतो तेवढा वेळ उभे राहिले. मग मान वर करून त्यांनी उत्तराची वाट बघितली.

"प्रभू, ऐक," सुईणबाई म्हणाल्या.

"प्रभू, ऐक," सगळी मंडळी म्हणाली.

नाव नव्हतं, आजार नव्हता, आणि दीडशे माणसं ऐक म्हणत होती. गवंडी माझ्याकडे बघत होता. माळीबुवा माझ्याकडे बघत होते. पाळक माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. तेव्हा मला कळलं. मेलेल्या पोरीला बरं कर असं कोणीच म्हणत नव्हतं, एवढे खुळे नव्हते ते. सात रविवार सहाव्या ओळीवर त्यांनी मला धरून ठेवलं होतं. मी बोलत नव्हते म्हणून माझ्या वाटचं ते बोलत होते.

सातवी ओळ झाली. गवळ्याची सून, सुखरूप सुटका व्हावी म्हणून. "प्रभू, ऐक," मी म्हटलं. आवाज गंजलेल्या कात्रीसारखा निघाला. पण निघाला. त्याच्यावरचा माझा राग गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. पण अबोला तिथे सुटला.

मग काका म्हणाले, "गेलेले," आणि सगळे उठले. माझे पाय उठेनात. जावयांनी कोपराखाली हात घातला, दुसऱ्या बाजूने मागून सुईणबाईंचा हात आला.

"शिंपीणबाईंची लेक," काकांनी वाचलं. "ड्रायव्हरची बायको. खडू."

जावई रडायला लागले. मी उभी राहिले.